दोऱ्यापासून दारापर्यंत : मुंबई–न्यूयॉर्क विमानाचं अंतर आणि वेळ घरच्या घरी काढण्याची कृती

लेक, जावई, भाचा, नात, घरातलं कुणीतरी अमेरिकेला निघालेलं असतं आणि ओट्यापाशी एक साधा प्रश्न विचारला जातो : "न्यूयॉर्क किती लांब आहे गं? पोचायला किती तास लागतात?" उत्तरं भराभर येतात. कुणी चौदा तास म्हणतं, कुणी सोळा. शेजारच्या काकू वीस सांगतात. जो नुकताच जाऊन आला आहे तो म्हणतो, "अख्खा दिवस जातो, वर थोडा आणखी." तिकिटावर बघावं तर रात्री दीडला निघून सकाळी सातला पोचलेलं!

यातलं एकही उत्तर खोटं नाही. प्रत्येकानं वेगळी गोष्ट मोजली आहे, एवढंच. एकानं हवेतला वेळ सांगितला, दुसऱ्यानं वाटेतला थांबा धरला, तिसऱ्यानं घराच्या कुलपापासून मोजलं, आणि तिकिटानं दोन वेगळ्या गावांची दोन घड्याळं शेजारी छापली. या सगळ्या गोष्टी सुट्या करून एकेक मोजता येतात. त्यासाठी दहावीपर्यंतचं गणित पुरतं आणि एक संध्याकाळ लागते. मी हे माझ्या आईसोबत जेवणाच्या टेबलावर बसून केलं, कारण बहीण न्यू जर्सीला राहायला निघाली होती आणि आईला ती नेमकी किती दूर जाणार हे कळायला हवं होतं. खाली उदाहरण मुंबई–न्यूयॉर्कचं आहे. कृती कुठल्याही दोन शहरांना लागू पडते.

साहित्य

शाळेत वापरतात तसा पृथ्वीगोल, शक्यतो ३० सेंटिमीटर व्यासाचा. मीटरभर शिवणाचा दोरा. मोजपट्टी. भिंतीवरचा जगाचा नकाशा. साइन आणि कॉसची बटणं असलेला कॅल्क्युलेटर. बऱ्याच मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडून फोन आडवा धरला की ती बटणं दिसतात. चार टाचण्या, चिकटपट्टी, एक वही. तिकीट काढलेलं असेल तर त्याची प्रत.

कृती १ : शहर नव्हे, विमानतळ पक्का करा

"न्यूयॉर्क" असं लिहून भागत नाही. त्या शहरासाठी मोठी आंतरराष्ट्रीय विमानं प्रामुख्यानं दोन ठिकाणी उतरतात : क्वीन्समधला जॉन एफ. केनेडी विमानतळ, म्हणजे जेएफके, आणि नदीपलीकडे न्यू जर्सीतला न्यूअर्क. आकाशातून पाहिलं तर दोघांत तीस-पस्तीस किलोमीटरचाच फरक. पण एडिसन किंवा जर्सी सिटीत राहणाऱ्या नातेवाइकाला जेएफकेहून घरी यायला सगळं शहर ओलांडावं लागतं. आता आपल्याकडेही नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला आहे, त्यामुळे तिकिटावरची तीन अक्षरं नीट वाचायची सवय लावून घ्या. बीओएम म्हणजे जुना सहार-सांताक्रूझचा विमानतळ. ही अक्षरं शहराच्या जुन्या नावावरून पडली आणि नाव बदललं तरी टिकली.

विमानतळ ठरला की वहीत त्याचे अक्षांश-रेखांश लिहा :

मुंबई : १९.१ उत्तर, ७२.९ पूर्व
जेएफके : ४०.६ उत्तर, ७३.८ पश्चिम

कुठे हे आकडे अंश आणि कलांमध्ये सापडले तर कलांना ६० ने भागून अंशांत मिळवा. जेएफके ४० अंश ३८ कला उत्तरेला आहे. ३८ भागिले ६० म्हणजे ०.६३. एक दशांश स्थळ ठेवलं तरी आपल्या कामाला पुरेसं आहे.

लिहिताना एक गंमत नजरेत येईल. मुंबई ग्रिनिचच्या पूर्वेला जितकी, जवळजवळ तितकंच न्यूयॉर्क पश्चिमेला. ग्रिनिचची रेषा मधोमध उभी आणि दोन्ही शहरं तिच्या दोन बाजूंना.

कृती २ : आधी दोरा ताणा

ही पायरी गाळू नका. पुढचं सूत्र उत्तर देतं, पण समज दोऱ्यानं येते.

आधी पृथ्वीगोलाच्या विषुववृत्तावर दोरा एक फेरा गुंडाळून त्याची लांबी मोजा. ३० सेंटिमीटर व्यासाच्या गोलावर ती साधारण ९४ सेंटिमीटर भरते. पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर. हा आकडा असा गोळाबेरीज येण्याला कारण आहे : फ्रान्समध्ये १७९१ साली मीटर ठरवताना उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग घेतला होता. म्हणजे पाव घेर १०,००० किलोमीटर, पूर्ण घेर ४०,०००. आता ४०,००० ला ९४ ने भागा. तुमच्या गोलावरचा एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे ४२५ किलोमीटर.

मग दोऱ्याचं एक टोक मुंबईवर अंगठ्यानं दाबून धरा, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा घट्ट ताणा. सैल दोरा कुठेही पडेल. ताणलेला दोरा स्वतःच सर्वांत जवळची वाट शोधतो. त्या वाटेला भूगोलात बृहद्‌वृत्त म्हणतात : पृथ्वीचे बरोबर दोन समान भाग करणारं वर्तुळ.

आता दोरा कुठून जातो ते वाचा. मुंबईहून तो जवळजवळ उत्तरेलाच निघतो, किंचित पश्चिमेला कललेला. कच्छचं रण, सिंध, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तान. मॉस्कोच्या जवळजवळ माथ्यावरून. पुढे फिनलंड, स्वीडन, नॉर्वे, मग आइसलँड, ग्रीनलँडचं दक्षिण टोक, कॅनडातलं लॅब्राडोर आणि वरून खाली न्यूयॉर्क. आईनं पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा दोरा सोडून पुन्हा ताणला. तिला वाटलं, आपलाच हात सरकला.

तसं वाटण्याचं कारण भिंतीवर टांगलेलं आहे. आता त्या नकाशावर पट्टी ठेवून मुंबई–न्यूयॉर्क सरळ रेघ पाहा. ती सौदी अरेबिया, इजिप्त, लिबिया, अल्जीरिया, मोरोक्को करत अटलांटिकमध्ये शिरते. दिसायला सरळ, पण चालायला लांब : त्या रेघेनं गेलं तर सुमारे १४,२०० किलोमीटर पडतात, म्हणजे दोऱ्याच्या वाटेपेक्षा दीड हजाराहून जास्त. गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरताना नकाशा उत्तरेकडचा भाग ताणून रुंद करतो. विषुववृत्तावर रेखांशाचा एक अंश म्हणजे १११ किलोमीटर. ६० अक्षांशावर तोच एक अंश निम्मा, जेमतेम ५६ किलोमीटर. विमान उत्तरेकडून जातं ते याच अरुंद भागाचा फायदा घेत.

दोरा मोजा. साधारण साडेएकोणतीस सेंटिमीटर भरेल. गुणिले ४२५, म्हणजे साडेबारा हजार किलोमीटर. पहिलं उत्तर हाती आलं.

कृती ३ : सूत्रानं पक्कं करा

दोन ठिकाणं पृथ्वीच्या केंद्रापाशी जो कोन करतात तो काढायचा आणि त्याला एका अंशाच्या किलोमीटरनं गुणायचं, इतकंच हे सूत्र आहे :

कॉस (कोन) = साइन (पहिला अक्षांश) × साइन (दुसरा अक्षांश) + कॉस (पहिला अक्षांश) × कॉस (दुसरा अक्षांश) × कॉस (रेखांशांतला फरक)

आकडेमोडीला हात घालण्याआधी कॅल्क्युलेटरवर साइन ३० काढून बघा. उत्तर ०.५ आलं तर तो अंशांत मोजतो आहे. दुसरं काही आलं तर तो बहुधा रेडियनमध्ये आहे. ते आधी बदला. या कृतीतली सर्वांत जास्त घडणारी चूक हीच.

आता ओळीनं :

अ) रेखांशांतला फरक. एक पूर्व आणि एक पश्चिम असेल तर बेरीज, दोन्ही एकाच बाजूला असतील तर वजाबाकी. ७२.९ + ७३.८ = १४६.७. बेरीज १८० च्या वर गेली तर ती ३६० मधून वजा करा.

आ) साइन १९.१ = ०.३२७२ आणि साइन ४०.६ = ०.६५०८. गुणाकार ०.२१२९.

इ) कॉस १९.१ = ०.९४४९, कॉस ४०.६ = ०.७५९३, कॉस १४६.७ = उणे ०.८३५८. तिघांचा गुणाकार उणे ०.५९९७. उणे चिन्ह पाहून घाबरू नका. कोन ९० अंशांहून मोठा असला की कॉस उणे येतोच.

ई) बेरीज : ०.२१२९ उणे ०.५९९७ = उणे ०.३८६८.

उ) या आकड्याचा उलटा कॉस घ्या. कोन आला सुमारे ११२.७५ अंश.

ऊ) एक अंश म्हणजे १११.२ किलोमीटर. गुणाकार १२,५३८. आपण १२,५४० धरू.

दोऱ्यानं साडेबारा हजार सांगितले होते, सूत्रानं १२,५४०. दोघांची उत्तरं इतकी जुळली की मनाला फार बरं वाटतं, आणि मुलांसोबत करत असाल तर त्यांच्या चेहऱ्यावरही ते दिसतं. पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे, म्हणून या सूत्रात फार तर अर्ध्या टक्क्याची चूक राहते. प्रवासाच्या हिशेबाला त्यानं काही बिघडत नाही.

वैमानिक अंतर सागरी मैलांत मोजतात. त्यामागची कल्पना आपल्याला जवळची आहे : अंशाचा साठावा भाग म्हणजे कला, आणि पृथ्वीच्या पाठीवरची एक कला म्हणजे एक सागरी मैल. ११२.७५ गुणिले ६०, म्हणजे ६,७६५ सागरी मैल. सूत्रातल्या साइनला आपल्याकडे ज्या म्हणत, कॉसला कोज्या. आर्यभटानं पाचव्या शतकाच्या अखेरीस ज्यांची कोष्टकं दिली होती, आणि हा ज्या शब्दच अरबीतून लॅटिनमध्ये जाता जाता सायनस झाला. तेव्हा साइनच्या बटणाशी आपलं नातं जुनं आहे.

कृती ४ : आकाशातली खरी वाट धरा

काढलेलं अंतर हे कमीत कमी अंतर. त्याच्या खाली कुठलंही विमान जाऊ शकत नाही. वर मात्र बरंच जातं. आकाशालाही सरहद्दी आहेत.

आपल्या दोऱ्याकडे पुन्हा पाहा. तो सिंधवरून जातो आणि मग रशियावरून. २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्ताननं भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, आणि ३० एप्रिलला भारतानंही पाकिस्तानी विमानांना तसंच केलं. त्याआधी २०२२ मध्ये युक्रेनवरच्या आक्रमणानंतर अमेरिका, कॅनडा, ब्रिटन आणि युरोपीय संघातल्या देशांच्या विमानांना रशियाचं आकाश बंद झालं होतं. म्हणजे दोरा एकच, पण भारतीय विमानासाठी तो एका ठिकाणी अडला आणि अमेरिकी विमानासाठी दुसऱ्या. शिवाय वादळं, युद्धाचा प्रदेश, वाऱ्याची त्या दिवशीची दिशा, आणि गरज पडली तर उतरायला विमानतळ आवाक्यात असण्याची अट. या सगळ्यांमुळे वाट रोज थोडी वेगळी आखली जाते.

घरच्या हिशेबासाठी माझा ठोकताळा असा : वाट मोकळी असेल तर अंतरात ५ टक्के मिळवा, मोठा प्रदेश बंद असेल तर १० टक्के. १२,५४० चे ५ टक्के मिळवून सुमारे १३,१७० किलोमीटर.

नेमकं हवं असेल तर टाचण्या घ्या. बंद प्रदेशाच्या कडेला चिकटपट्टीनं टाचणी उभी करा आणि दोरा तिला वळसा घालून ताणा. वळसा नजरेला मोठा वाटतो, पण मोजल्यावर बहुधा अपेक्षेपेक्षा लहान निघतो. थांब्यांचंही तसंच. मुंबई–लंडन सुमारे ७,२२० किलोमीटर आणि लंडन–न्यूयॉर्क सुमारे ५,५४०, बेरीज १२,७६०. म्हणजे लंडनला उतरून गेलं तरी अंतर फक्त सव्वादोनशे किलोमीटरनं वाढतं. मुंबई–दुबई सुमारे १,९३० आणि दुबई–न्यूयॉर्क सुमारे ११,०२०. बेरीज १२,९५०, वाढ चारशेच्या आसपास. थांब्यानं अंतर फारसं वाढत नाही. वाढतो तो वेळ, आणि तो जमिनीवर वाढतो.

एअर इंडियानं ८ जून १९४८ रोजी मुंबईहून लंडनची पहिली फेरी सोडली तेव्हा मलबार प्रिन्सेस हे विमान कैरो आणि जिनिव्हाला थांबत गेलं, कारण एका दमात तेवढं उडणं त्याच्या आवाक्यात नव्हतं. न्यूयॉर्कची सेवा मे १९६० मध्ये बोइंग ७०७ नं सुरू झाली, तीही लंडनमार्गे. त्याच कंपनीचं मुंबई–न्यूयॉर्क थेट विमान ऑगस्ट २००७ मध्ये उडालं. शहरांमधलं अंतर त्या काळात इंचभरही बदललं नव्हतं.

कृती ५ : हवेतला वेळ काढा

लांब पल्ल्याची आजची जेट विमानं ध्वनीच्या वेगाच्या ८४-८५ टक्के वेगानं जातात. अकरा-बारा किलोमीटर उंचीवर तापमान उणे ५६ अंशांच्या आसपास असतं, आणि तिथे ध्वनीचा वेग ताशी सुमारे १,०६० किलोमीटर. त्याचे ८५ टक्के म्हणजे ताशी ९००. हा विमानाचा हवेतला वेग.

पण हवा स्वतःही चालत असते. त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारे असतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात ते आणखी बळकट होतात. अमेरिकेला जाताना हे वारे बरेचदा समोरून येतात, परतताना पाठीशी असतात. म्हणून हिशेबात :

जाताना वेग धरा ताशी ८५० किलोमीटर.
येताना धरा ताशी ९५०.

१३,१७० भागिले ८५० म्हणजे साडेपंधरा तास. १३,१७० भागिले ९५० म्हणजे तेरा तास पन्नास मिनिटं. दोन्हींत अर्धा तास मिळवा : धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, चढण, उतरण आणि उतरल्यावर दारापर्यंत येणं यासाठी.

जाताना १६ तास. येताना १४ तास २० मिनिटं.

येता-जाताना एक तास चाळीस मिनिटांचा फरक पडतो तो असा. काहींना वाटतं, पृथ्वी खालून फिरते म्हणून एका बाजूला लवकर पोचतो. तसं नाही; हवा पृथ्वीसोबतच फिरते आणि विमान त्या हवेत उडतं. फरक करतो तो वारा. तो किती करू शकतो याचं उदाहरण फेब्रुवारी २०२० मधलं : वादळी वारा पाठीशी घेऊन ब्रिटिश एअरवेजचं एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. एरवी त्या प्रवासाला साडेसहा-सात तास लागतात.

कृती ६ : दोन घड्याळं जुळवा

आता तिकिटावरचं कोडं. भारताचं घड्याळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे आहे, कारण आपण ८२.५ पूर्व रेखांशाची वेळ पाळतो आणि दर १५ अंशांना एक तास पडतो. न्यूयॉर्क हिवाळ्यात ग्रिनिचच्या पाच तास मागे असतं आणि उन्हाळी वेळेत चार तास. उन्हाळी वेळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी सुरू होते, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी संपते. म्हणून :

हिवाळ्यात फरक साडेदहा तास.
उन्हाळ्यात फरक साडेनऊ तास.

पडताळा घ्यायचा तर रेखांशांतला फरक १४६.७ भागिले १५ करा. उत्तर पावणेदहा तासांच्या जवळ येतं, साडेनऊ आणि साडेदहाच्या मध्ये. बरोबर आहे. मुंबईची सूर्यानुसार खरी वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटंच पुढे. १९५५ पर्यंत शहरात ही बॉम्बे टाइम चालू होती.

नियम एकच लक्षात ठेवा : आधी प्रवासाचे तास मिळवा, मग घड्याळ बदला. समजा, विमान जानेवारीत मुंबईहून रात्री १.३० ला निघतं. १६ तास मिळवा : मुंबईच्या घड्याळात संध्याकाळचे ५.३०. त्यातून साडेदहा तास वजा करा : न्यूयॉर्कला सकाळचे ७. तेच जुलैत सकाळी ८.

परतीचं : न्यूयॉर्कहून हिवाळ्यात सकाळी ११.३० ला निघालात. १४ तास २० मिनिटं मिळवा : तिथल्या घड्याळात मध्यरात्रीनंतर १.५०. साडेदहा तास मिळवा : मुंबईत दुसऱ्या दिवशी दुपारी १२.२०. जाताना सकाळी उतरतो आणि येताना एक तारीख उडून जाते, ती अशी.

इथेच सगळ्यांत महागडी चूक होते. तिकिटावर १५ तारीख, वेळ ०१.३०. आपल्या मनात दिवस सूर्योदयाला बदलतो. पंचांगातला वारही तेव्हाच बदलतो. त्यामुळे "पंधराच्या रात्री" असं डोक्यात बसतं. घड्याळ मात्र मध्यरात्री तारीख बदलतं. म्हणजे घरून निघायचं १४ तारखेच्या संध्याकाळी. आमच्या नात्यातलं एक कुटुंब एक दिवस उशिरा विमानतळावर पोचलं होतं, बॅगा, लोणच्याच्या बरण्या आणि हार घातलेल्या आजींसकट. तेव्हापासून आमच्याकडे दिनदर्शिकेवर विमानाची तारीख लिहीत नाहीत. "घरून निघणे : १४, संध्याकाळ" असं लिहितात. तुम्हीही तसंच लिहा.

कृती ७ : दारापासून दारापर्यंत बेरीज करा

प्रवास करणाऱ्याच्या पाठीला आणि पायांना जाणवतो तो हा वेळ. पुण्याहून निघणाऱ्यासाठी वहीत असा तक्ता मांडा :

घर ते मुंबई विमानतळ : दीडशे किलोमीटर, घाट आणि शहरातली कोंडी धरून ४ तास.
विमान सुटण्याआधी विमानतळावर : साडेतीन तास.
विमानात : १६ तास.
उतरल्यावर इमिग्रेशनची रांग आणि सामान : २ तास.
विमानतळ ते न्यू जर्सीतलं घर : दीड तास.

एकूण २७ तास. "अख्खा दिवस, वर थोडा आणखी" म्हणणारा पाहुणा अगदी बरोबर होता.

वाटेत थांबा असेल तर प्रत्येक टप्पा कृती ४ आणि ५ नं वेगळा काढा. दुबईमार्गे पहिला टप्पा सुमारे ३ तास, दुसरा १४, आणि मध्ये तीन तासांचा थांबा धरला तर २० तास. थेट विमानापेक्षा ४ तास जास्त, दारापासून दारापर्यंत ३१. काकूंचे वीस तास हेच. पण नुसते तास पाहून थांब्याचं तिकीट नाकारू नका. गुडघे दुखणाऱ्या माणसाला सोळा तास एका खुर्चीत बसण्यापेक्षा मध्ये उतरून पाय मोकळे करणं सोसतं. उलट, भाषेची अडचण असलेल्या आणि एकट्या निघालेल्या आजोबांना परक्या विमानतळावर दुसरं दार शोधायला लावण्यापेक्षा थेट विमान आणि आधी सांगून ठेवलेली व्हीलचेअर बरी. या तक्त्याचा खरा उपयोग असं ठरवताना होतो. औषधाच्या गोळ्याही याच तक्त्यावरून मोजा : २७ तासांत किती वेळा घ्यायच्या, तेवढ्या आणि वर दोन दिवसांच्या हातातल्या पिशवीत ठेवा, आणि गोळ्यांच्या वेळा नव्या घड्याळाला कशा जुळवायच्या हे डॉक्टरांना निघण्याआधी विचारा.

कृती ८ : पडताळा आणि सराव

तिकिटावर प्रवासाचे तास वेगळे छापलेले असतात. आपलं उत्तर त्याच्या अर्ध्या-पाऊण तासाच्या आत असेल तर कृती जमली. दीड-दोन तासांचा फरक असेल तर क्रमानं तीन गोष्टी तपासा : वाट अडलेली आहे का, उन्हाळी वेळ धरायची राहिली का, आणि थांब्याचे तास त्यातच मिळवलेले आहेत का.

सरावासाठी दोन गणितं :

मुंबई–लंडन. हीथ्रो ५१.५ उत्तर, ०.५ पश्चिम. कोन ६४.९ अंश, अंतर सुमारे ७,२२० किलोमीटर. ५ टक्के मिळवून जाताना साधारण ९ तास २५ मिनिटं.

मुंबई–सॅन फ्रान्सिस्को. ३७.६ उत्तर, १२२.४ पश्चिम. रेखांशांची बेरीज १९५.३ येते, ती ३६० मधून वजा करून १६४.७ घ्यायची. कोन १२१.५ अंश, अंतर सुमारे १३,५१० किलोमीटर. यासाठी दोरा जरूर ताणून बघा. तो मुंबईहून उत्तरेच्या किंचित पूर्वेला निघतो आणि सैबेरियावरून थेट आर्क्टिक महासागरात शिरतो. आपण अमेरिकेला पश्चिम म्हणतो, आणि तिथे जायची जवळची वाट पूर्वेकडे कलते.

कृती ९ : ठिपके द्या

शेवटची पायरी मागे राहणाऱ्यांसाठी. ३० सेंटिमीटरच्या गोलावर एक सेंटिमीटर म्हणजे ४२५ किलोमीटर, आणि विमान जाताना ताशी ८५० नं जातं. म्हणजे तासाला बरोबर दोन सेंटिमीटर. दोऱ्यावर दर दोन सेंटिमीटरला शाईचा ठिपका द्या, आणि दोरा मुंबई–न्यूयॉर्क ताणून चिकटवा. वाट अडलेली असेल तर टाचण्यांना वळसा घालून. मोकळ्या वाटेवर सहावा ठिपका मॉस्कोवर येतो, नववा आइसलँडच्या अलीकडच्या समुद्रावर, बारावा ग्रीनलँड ओलांडून कॅनडाच्या वाटेवर. विमान तंतोतंत तिथेच असेल असं नाही, पण फार लांबही नसेल.

बहीण पहिल्यांदा गेली त्या रात्री विमान दीडला सुटलं. आईनं गोल देवघराशेजारच्या स्टुलावर ठेवला होता. सकाळी साडेसातला चहा टाकताना तिनं सहाव्या ठिपक्यावर बोट ठेवलं, साडेदहाला भाजी चिरता चिरता नवव्यावर. दुपारी सगळी जेवायला बसली तेव्हा तिनं गोल वळवून न्यूयॉर्क समोर आणलं आणि म्हणाली, "अजून चार ठिपके आहेत. फोन सहानंतर येईल. तोवर मी जरा पडते." आदल्या रात्रीपासून तिचा डोळा लागला नव्हता. फोन कधी येणार हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. ते तिनं स्वतः मोजून काढलं होतं, आणि म्हणूनच ती झोपू शकली.